चित्राखालच्या सह्या

छंद ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे आपण सहज म्हणून जातो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, कोणी काड्यापेट्यांवरची लेबले. त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारीत नाही. फार तर घरची वडीलधारी मंडळी "यात पैसे कशाला घालवतोस?" एवढे म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. परंतु काही छंद असे असतात की त्यांना जाब विचारला गेलाच पाहिजे. मी ज्या छंदाविषयी लिहिणार आहे तो या दुसऱ्या जातीचा आहे, आणि तो माझा स्वतःचा आहे. त्यामुळे या लेखात आरोपीही मी आणि वकीलही मीच, ही गोष्ट वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावी आणि माझा प्रत्येक युक्तिवाद थोडा पारखूनच घ्यावा.

दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकी विमानांची, आणि त्या विमानांतून जे प्रत्यक्ष उडाले त्यांच्या सह्या असलेली रंगीत मुद्रित चित्रे जमवणे, हा तो छंद. इंग्लंड-अमेरिकेत त्याचे चाहते पुष्कळ आहेत. आपल्याकडे तो विरळाच. माझ्याजवळ अशी चित्रे अवघी तीन आहेत. माझे मामा लेस्टरला असतात. तिकडच्या लहानसहान लिलावांत स्वस्तात मिळाली तशी त्यांनी ती घेतली आणि गोल नळकांड्यात घालून मला पाठवली. तीन चित्रांच्या बळावर स्वतःला संग्राहक म्हणवून घेणे हास्यास्पद आहे, हे मी जाणतो. पण त्यांतले एक चित्र वसतिगृहाच्या भिंतीवर लागले मात्र, आणि आमच्या खोलीत रोज रात्री परिसंवाद भरू लागला.

मित्रांचे आक्षेप तीन होते. पहिला म्हणाला, "ही परक्यांची लढाई. इंग्रज आणि जर्मन एकमेकांच्या उरावर बसले, त्याचे कौतुक आपल्याला काय म्हणून?" दुसऱ्याचा आक्षेप अधिक टोकदार होता. "या विमानांनी शहरेच्या शहरे जाळली. त्यांचे चित्र उशाशी लावून तुला झोप कशी लागते?" तिसरा अर्थशास्त्राचा विद्यार्थी. त्याची हरकत नव्हतीच. तो म्हणाला, "सही करणारे म्हातारे आता उरले नाहीत म्हणतोस ना? मग भाव चढेल. नीट जपून ठेव आणि योग्य वेळी विकून टाक." खरे सांगायचे तर पहिल्या दोघांच्या विरोधापेक्षा या तिसऱ्याच्या पाठिंब्यानेच मला अधिक अस्वस्थ केले.

या तिन्ही मुद्द्यांचा विचार करण्यापूर्वी ही वस्तू म्हणजे नेमके काय, हे सांगणे आवश्यक आहे. मूळ चित्र चित्रकार तैलरंगांत काढतो. त्याच्या ठरावीक प्रती, समजा पाचशे किंवा हजार, उत्तम जाड कागदावर छापतात आणि त्यानंतर त्या आवृत्तीची छपाई बंद करतात. चित्राभोवती पांढरा समास राखलेला असतो. खालच्या समासात चित्रकार शिसपेन्सिलीने सही करतो आणि शेजारी प्रतीचा क्रमांक घालतो. उदाहरणार्थ १२५/५००, म्हणजे पाचशेपैकी एकशे पंचविसावी प्रत. इथपर्यंत कोणत्याही मर्यादित आवृत्तीच्या चित्रासारखेच. वेगळेपण पुढे आहे. ज्या विमानाचे चित्र, त्या जातीच्या विमानातून युद्धात उडालेल्या वैमानिकाला, मार्गदर्शकाला किंवा तोफचीला प्रकाशक गाठतो. त्याच्यासमोर कागदांची चळत ठेवली जाते आणि तो प्रत्येक प्रतीवर त्याच समासात, पेन्सिलीनेच, आपले नाव लिहितो. काही चित्रांवर अशी एकच सही असते, तर काहींवर वीस-वीस. काही मोजक्या प्रतींच्या समासात चित्रकार स्वतःच्या हाताने एखादे छोटे रेखाचित्रही काढून देतो. त्यांची किंमत अर्थातच अधिक.

ही प्रथा फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये विमानचित्रकारांचा संघ, गिल्ड ऑफ एव्हिएशन आर्टिस्ट्स, १९७१ साली स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष फ्रँक वूटन हे युद्धकाळात ब्रिटिश हवाईदलाचे चित्रकार होते, आणि युद्धाच्या अखेरच्या काळात ते आपल्याकडे भारतात व ब्रह्मदेशातही येऊन गेले होते. पुढच्या पिढीत बाथ शहरच्या रॉबर्ट टेलर यांचे नाव सर्वतोमुखी झाले. चित्रांच्या चौकटी बनवणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी केलेला हा माणूस. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांच्या चित्रांच्या सह्यांसह आवृत्त्या निघू लागल्या आणि या छंदाला खरा बहर आला. तो काळ अनुकूल होता. युद्धात विशीत असलेली मुले तेव्हा पन्नाशी-साठीला पोचली होती. नोकरीधंद्यातून मोकळी होत होती, मागे वळून पाहत होती, आणि त्यांचे हात अजून थरथरत नव्हते.

येथे एक छोटी हकीकत सांगितली पाहिजे. पहिले चित्र आले तेव्हा ते घेऊन मी गावातल्या फ्रेमवाल्याकडे गेलो. त्यांनी चित्र टेबलावर पसरले, खालच्या पांढऱ्या पट्टीवर पट्टी ठेवली आणि म्हणाले, "ही रिकामी जागा छाटून टाकतो. फ्रेम लहान होईल, पैसेही वाचतील." मी घाईघाईने त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "काका, चित्र थोडे कापले तरी चालेल, पण ही पट्टी नको." त्यांना माझा वेडेपणा समजला नाही, पण माझ्या तोंडून मात्र या छंदाचे सार निघून गेले होते. चित्र छापील आहे, त्याच्या पाचशे प्रती आहेत. सही मात्र त्या त्या कागदावर एकदाच झालेली आहे. एका जिवंत माणसाचा हात त्या जागी क्षणभर टेकला होता, याचा तो पुरावा आहे.

आता दुसऱ्या मित्राच्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो सर्वांत गंभीर आहे. आपल्याकडे भिंतीवरच्या चित्राला एक विशेष अर्थ असतो, हे विसरून चालणार नाही. राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघर पोचवली, तेव्हापासून मराठी माणसाच्या भिंतीवर चित्र लागते ते बहुधा देवाचे, नाहीतर हार घातलेल्या आजोबांचे. भिंतीवर जे आहे त्याला हात जोडायचे, हा आपला संस्कार. तेव्हा बाँबफेकी विमान भिंतीवर पाहून माझा मित्र दचकला, हे स्वाभाविकच होते. त्याच्या दृष्टीने मी त्या विमानाला हात जोडत होतो.

चित्रे पाहिली की हा समज आणखी पक्का होतो, कारण ती सुंदर असतात. संध्याकाळची वेळ, क्षितिजावर तांबूस ढग, चार इंजिनांचे प्रचंड लँकेस्टर विमान धावपट्टी सोडून वर उचलले जात आहे. किंवा पहाटेचे धुके, एक इंजिन बंद पडलेले, पंखाला भोके पडलेली, आणि खाली इंग्लंडचा किनारा दिसू लागला आहे. चित्रकाराने प्रत्येक खिळा अभ्यासून काढलेला असतो. विमानाच्या अंगावरची अक्षरेदेखील त्या विशिष्ट विमानाची असतात. एक अक्षर चुकले तर जाणकार संग्राहक चित्रकाराला फाडून खातात. मात्र ही सगळी अचूकता विमानापुरती. या चित्रांतला पाहणारा बहुतेक वेळा आकाशात असतो, विमानाच्या शेजारी, जणू दुसऱ्या विमानात बसलेला. जमिनीवर उभे राहून, मान वर करून, पोटच्या पोराला कवटाळून त्या विमानाकडे पाहणारा माणूस या चित्रांचा प्रेक्षक कधीच नसतो.

हे चित्रांचे वैगुण्य मला मान्य आहे. आणि तरीही मी म्हणतो की सह्यांमुळे ही चित्रे निव्वळ गौरवचित्रे राहत नाहीत. सही नीट वाचली तर ती आपल्याला चित्राच्या बाहेर ओढून नेते. कुठे नेते, ते सांगतो.

प्रथम ती नेते सही न करणाऱ्यांकडे. लँकेस्टरमध्ये सात माणसे असत. वैमानिक, इंजिनावर देखरेख करणारा, मार्गदर्शक, बाँब टाकणारा, बिनतारी यंत्र सांभाळणारा आणि दोन तोफची. त्यांतला शेपटाकडचा तोफची रात्रभर गोठवणाऱ्या थंडीत काचेच्या घुमटीत एकटा बसलेला असे. ब्रिटिश हवाईदलाच्या बाँबर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जण विमानांतून उडाले. सगळे स्वेच्छेने आलेले, सरासरी वय बाविशीच्या आसपास, म्हणजे आपल्या एम. ए.च्या वर्गाचे. त्यांपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले. शंभरातले चव्वेचाळीस. एकूण ७,३७७ लँकेस्टर विमाने बांधली गेली, त्यांतली जवळजवळ निम्मी युद्धातच नष्ट झाली. आज उडण्याच्या स्थितीत दोनच आहेत, एक इंग्लंडमध्ये आणि एक कॅनडात. तीस मोहिमा पूर्ण केल्या की पहिली पाळी संपे. पण तिसाव्या मोहिमेपर्यंत पोचणे हेच मुळात नशिबाचे काम होते.

तेव्हा चित्राखालची सही ही नेहमी वाचलेल्याचीच सही असते. ऐकायला हे उघड सत्य वाटते, पण त्याचा अर्थ मनात उतरायला वेळ लागतो. माझ्या एका चित्राखाली एका मार्गदर्शकाची सही आहे. अक्षर म्हाताऱ्या माणसाचे, किंचित वाकडे. त्या सहीकडे पाहताना मला नेहमी वाटते की तिच्या शेजारची कोरी जागा खरोखर कोरी नाही. ज्यांना साठी पाहायला मिळाली नाही त्यांची ती जागा आहे. फ्रेमवाल्यांना जी रिकामी दिसली, ती मला अशी भरलेली दिसते.

दुसऱ्यांदा सही आपल्याला नेते ती जमिनीवर. या छंदात सर्वांत लोकप्रिय विषय म्हणजे धरणांवरचा हल्ला. १६ मे १९४३च्या रात्री एकोणीस लँकेस्टर विमाने १३३ माणसांना घेऊन जर्मनीच्या रूर भागातील धरणे फोडायला गेली. पाण्यावरून चेंडूसारखे टप्पे घेत जाणारे खास बाँब त्यांच्याजवळ होते. म्योने आणि एडर ही दोन धरणे फुटली. आठ विमाने परतली नाहीत. त्रेपन्न जण ठार झाले, तिघे कैद झाले. गाय गिब्सन या त्यांच्या नेत्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि पुढच्याच वर्षी, सव्वीस वर्षांचा असताना, तोही दुसऱ्या मोहिमेत गेला. चांदण्यात चमकणारा जलाशय, फुटणाऱ्या भिंतीतून उसळणारा पाण्याचा डोंगर आणि त्यावरून झेपावणारे विमान, हे दृश्य किती चित्रकारांनी काढले असेल याची गणती नाही.

पण पाणी खाली कुठे गेले? म्योने धरणाच्या खालच्या अंगाला नेहाइम नावाचे गाव आहे. तेथे वेठीला धरून आणलेल्या परदेशी कामगारांची छावणी होती. त्यांत सोव्हिएत प्रदेशातून उचलून आणलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्या रात्रीच्या पुरात एकंदर तेराशे ते सोळाशे माणसे बुडाली; त्यांतली निम्म्याहून अधिक जर्मन नव्हतीच, तर हिटलरचेच कैदी होती. ज्यांच्या मुक्ततेसाठी युद्ध चालले होते, तीच माणसे त्यात वाहून गेली. हे कोणत्याही चित्रात दिसत नाही. हॅम्बुर्गच्या १९४३च्या जुलैमधल्या अग्निप्रलयात पस्तीस हजारांहून अधिक माणसे मेली, ड्रेस्डेनला १९४५च्या फेब्रुवारीत सुमारे पंचवीस हजार. तेही दिसत नाही. परंतु मला या सगळ्याचा शोध घ्यायला कोणी लावले? अभ्यासक्रमाने नव्हे. आपल्या पाठ्यपुस्तकांत दुसरे महायुद्ध हे कारणे आणि परिणाम यांच्या दोन यादींत आटोपते. मला तिथे नेले ते एका सहीने. हा कोण, तो कुठे कुठे गेला, त्याने काय टाकले आणि ते कोणावर पडले, असे विचारीत गेलो की माणूस नेहाइमला आणि हॅम्बुर्गला पोचतोच. अर्थात ही विचारपूस केली तर! न करणाऱ्याच्या भिंतीवर तेच चित्र निव्वळ पराक्रमाचे पोस्टर होऊन बसते, हे मी माझ्या मित्राला मान्य करतो.

येथे दोन सह्यांची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. पहिली पॉल टिबेट्स यांची. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या 'एनोला गे' विमानाचे हे वैमानिक. त्यांच्या सहीची चित्रे आणि छायाचित्रे अमेरिकेत पुष्कळ विकली गेली. आपल्या कृत्याचा पश्चात्ताप होत नाही, असे ते अखेरपर्यंत उघडपणे सांगत. १९७६ साली टेक्ससमधल्या एका विमान-मेळाव्यात त्यांनी हिरोशिमाच्या बाँबफेकीचे नाट्यरूप प्रात्यक्षिक करून दाखवले. जपानमध्ये संतापाची लाट उसळली आणि अमेरिकन सरकारला दिलगिरी व्यक्त करावी लागली. २००७ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा अंत्यविधी झाला नाही आणि थडग्यावर दगडही बसला नाही; निषेध करणारे तिथे येऊन जमतील, अशी त्यांना धास्ती होती. ज्याने हजारो कागदांवर आपले नाव लिहिले, त्याच्या नावाचा एक दगड या पृथ्वीवर असू नये, याला काय म्हणावे?

दुसरी सही लेनर्ड चेशर यांची. शंभर मोहिमा केलेला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला हा वैमानिक धरणे फोडणाऱ्या त्याच ६१७ क्रमांकाच्या तुकडीचा पुढे प्रमुख झाला. लँकेस्टरच्या चित्रांखाली त्यांची सही संग्राहकांना फार मोलाची वाटते. ९ ऑगस्ट १९४५ला नागासाकीवर दुसरा अणुबाँब पडला, तेव्हा ब्रिटनचा निरीक्षक म्हणून ते एका विमानात होते; तो ढग त्यांनी दुरून पाहिला. हवाईदलातून बाहेर पडल्यावर १९४८ साली त्यांनी एका मरणासन्न, निराधार माणसाला आपल्या घरी आणून त्याची शुश्रूषा केली, आणि त्यातून अपंगांसाठी 'चेशर होम्स' उभी राहिली. ही घरे पन्नासच्या दशकातच आपल्या देशात आली. मुंबईत अंधेरीलाही एक निघाले. समाजसेविका स्यू रायडर यांच्याशी चेशर यांचा विवाह झाला तोही मुंबईत, ५ एप्रिल १९५९ला. त्याच वर्षी दोघांनी डेहराडूनला कुष्ठरोगी व अपंग यांच्यासाठी 'राफाएल' ही संस्था सुरू केली.

"परक्यांची लढाई" म्हणणाऱ्या माझ्या पहिल्या मित्राला हेच उत्तर आहे. ती लढाई आपण समजतो तितकी परकी नव्हती. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर नावाचे एक भारतीय याच बाँबर कमांडमध्ये मार्गदर्शक म्हणून उडत होते. जपानी बाँब विशाखापट्टणम्, काकीनाडा आणि कलकत्ता येथे पडले होते. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी कानपूरला मोडीत काढून टाकलेली अमेरिकन बनावटीची लिबरेटर बाँबफेकी विमाने आपल्या लोकांनी डागडुजी करून पुन्हा उडवली. जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती एकेक करून कानपूरहून बंगलोरला नेली. १९४८ साली आपल्या हवाईदलाची पहिली जड बाँबफेकी तुकडी त्यांतूनच उभी राहिली. ती विमाने पुण्याच्या लोहगाव तळावरूनही उडत, आणि साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत सेवेत होती. त्यांतले एक आज लंडनच्या हवाईदल संग्रहालयाच्या मालकीचे आहे. इंग्रजांनी भंगार म्हणून टाकलेली वस्तू आपण वीस वर्षे वापरून त्यांनाच संग्रहालयात ठेवायला परत दिली!

राहिला तिसरा मित्र आणि त्याचा चढता भाव. या छंदाचे खरे पाप इथे आहे, असे माझे मत आहे. सह्यांच्या बाजाराचा नियम मोठा क्रूर असतो. सही करणारा मेला की सहीची किंमत वाढते. धरणांच्या हल्ल्यातला अखेरचा हयात माणूस जॉनी जॉन्सन, बाँब टाकणारा, १०१ वर्षांचा होऊन डिसेंबर २०२२मध्ये वारला. टोकियोवर एप्रिल १९४२मध्ये हल्ला करणाऱ्या डूलिटलच्या ऐंशी अमेरिकनांपैकी शेवटचे रिचर्ड कोल एप्रिल २०१९मध्ये गेले, १०३व्या वर्षी. अशा बातम्या वाचून ज्याचा हात प्रथम आपल्याजवळच्या चित्राच्या किमतीकडे जातो, त्याने तिकिटेच जमवावीत हे उत्तम. आता तर मूळ साक्षीदार उरले नाहीत म्हणून पूर्वी कुठल्या कुठल्या कागदावर केलेल्या सह्या कापून त्या नव्या चित्राच्या पुठ्ठ्यात बसवतात. त्या खऱ्या असतील. पण त्या माणसाने हे चित्र कधी पाहिलेलेच नसते. साक्ष एका खटल्यातली आणि ती जोडायची दुसऱ्याला, असा तो प्रकार. खोट्या सह्यांचा धोका तर कोणत्याही सह्यांच्या बाजारात असतोच.

याउलट पैशाचा चांगला मार्गही याच लोकांनी दाखवला आहे. न्यूझीलंडचे लेस मन्रो हे धरणांच्या मोहिमेतले अखेरचे हयात वैमानिक. लंडनमध्ये २०१२ साली बाँबर कमांडचे स्मारक उभे राहिले. त्याच्या देखभालीला पैसे हवेत म्हणून २०१५मध्ये या पंचाण्णव वर्षांच्या माणसाने स्वतःची पदके विकायला काढली. ते पाहून एका धनिकाने स्मारकासाठी देणगी दिली आणि पदके न्यूझीलंडच्या संग्रहालयात गेली. त्याच वर्षी मन्रो वारले. आणि ते स्मारक कोणाचे आहे? तेथे सात जणांच्या एका चमूचे पुतळे आहेत. पण तेथे कोरलेल्या मजकुरात बाँबवर्षावात मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचेही स्मरण केले आहे. चित्रकारांनी जे केले नाही ते त्या दगडाने केले. माझ्या मते प्रत्येक विमानचित्राखाली तशी एक ओळ असायला हवी होती.

ती नाही, तर संग्राहकाने ती स्वतः लिहावी. माझ्याजवळच्या तिन्ही चित्रांच्या मागे मी एकेक कागद लावला आहे. त्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत. सही करणारा कोण आणि त्याने युद्धानंतर काय केले. त्याच्या तुकडीतले किती जण परतले नाहीत. आणि चित्रातले विमान ज्या शहराकडे निघाले आहे त्या शहरात त्या रात्री किती माणसे मेली. जिथे आकडा सापडला नाही तिथे जागा मोकळी सोडली आहे. हा कागद लावायला दहा मिनिटे लागतात आणि भरायला कित्येक महिने. माझ्या मते हा छंद म्हणजे ते महिने. बाकी सारे फ्रेमवाल्याचे काम. आपल्याकडच्या हवेचेही थोडे सांगतो. ऊन थेट पडले तर चित्राचे रंग उडतात, आणि पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कागदाला बुरशी धरते, कसर लागते. तेव्हा काच आणि कागद यांत पुठ्ठ्याचे अंतर ठेवावे, आणि चित्र उन्हाच्या भिंतीवर लावू नये.

अखेरीस आपल्या महाविद्यालयातील मित्रांना आणि गुरुजनांना एक विनंती. परदेशातल्या म्हाताऱ्या वैमानिकांची सही मिळवण्यासाठी तिकडे प्रकाशक त्यांच्या दारी गेले, म्हणून त्या सह्या उरल्या. आपल्या तालुक्यात १९६५ आणि १९७१ची युद्धे पाहिलेले जवान आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. कोणी पायदळातले, कोणी हवाईदलाच्या तळावर विमानांची देखभाल करणारे. कोणाच्या तरी ओसरीवर ते रोज संध्याकाळी बसलेले असतात. त्यांच्यावर कोणी चित्र काढलेले नाही आणि त्यांच्या सहीला बाजारात भावही नाही. नसेना का! इतिहास विभागाने एक वही घालावी. आपण त्यांच्याकडे जावे, ते सांगतील ते लिहून घ्यावे, आणि खाली त्यांची सही घ्यावी. ज्याला लिहिता येत नसेल त्याचा अंगठा घ्यावा. पण फक्त "किती शत्रू मारले?" हे विचारू नये. कोण परतले नाही, हेही विचारावे. आणि समोरच्या बाजूला कोण होते, हेसुद्धा विचारावे.

विमान सुंदर आहे, हे मी नाकारीत नाही. ते उडवणारी मुले धैर्यवान होती, हेही खरे. पण सुंदर आणि धैर्यवान एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. त्याचा उरलेला भाग चित्रात नाही, समासात आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच की चित्र अवश्य लावा. पण त्याखालची पांढरी पट्टी कोणाला छाटू देऊ नका.